घाईच्या शहरात माझा शेजारी कोण?

सकाळचे पावणेसात वाजले आहेत. चौघांनी मिळून भाड्याने घेतलेल्या खोलीत आज तुम्हाला सर्वांत शेवटी जाग आली, त्यामुळे स्नानगृहाच्या रांगेतही तुम्ही शेवटचे आहात. नळाचे पाणी सात वाजता जाते. तुमच्या आधी आत गेलेला सोबती मात्र निश्चिंतपणे गाणे म्हणत आहे. अर्ध्या बादलीत अंघोळ उरकून तुम्ही बाहेर येता तो काय, काल रात्री इस्त्री करून ठेवलेला शर्ट दुसऱ्याच कोणीतरी घालून नेला आहे! चहा तसाच टाकून तुम्ही जिना उतरता. शेअर रिक्षाची रांग कोपऱ्यापर्यंत गेली आहे. कशीबशी जागा मिळते ती चालकाच्या शेजारी, अर्धे अंग बाहेर ठेवून. स्थानकाच्या पुलावरून तुम्ही धावत खाली येता आणि शेवटच्या पायरीवर असतानाच तुमची लोकल सुटते.

पुढची गाडी येते, पण ऐन वेळी फलाट बदलल्याची घोषणा होते. शेकडो माणसे एकाच वेळी पुलाकडे वळतात. शेवटी तुम्ही डब्यात शिरता. शिरता म्हणण्यापेक्षा आत ढकलले जाता. तेवढ्यात कोणाचा तरी पाय तुमच्या पायावर पडतो. “दिसत नाही का?” तुम्ही ओरडता. मान वळवून पाहता तर मागे एक वृद्ध गृहस्थ उभे आहेत. त्यांच्या हातात औषधांची पिशवी आहे आणि धरायला त्यांना कडीसुद्धा मिळालेली नाही. “चुकलं हं, बाळ,” ते म्हणतात. तुम्ही काही न बोलता मान फिरवता. गाडी सुटते.

अशा प्रकारची सकाळ तुमच्याही वाट्याला आली आहे का? मग तुम्हाला हेही ठाऊक असेल की पाणी, शर्ट, रिक्षा व लोकल यांचा त्रास संध्याकाळपर्यंत विसरला जातो. पण ते “चुकलं हं, बाळ” विसरत नाही. रात्री अंथरुणावर पडल्यावर मनात प्रश्न येतो: ‘गावी असताना मी वडीलधाऱ्या माणसाशी असा बोललो असतो का? या शहरात राहून मी कोण होत चाललो आहे?’

हा प्रश्न केवळ मुंबईत राहणाऱ्यांचा नाही. नोकरी वा शिक्षणाकरता पुण्यात, बंगळूरात, हैदराबादेत वा दिल्लीत राहणाऱ्या प्रत्येक मराठी तरुण-तरुणीला तो आज ना उद्या भेडसावतो. तेव्हा शहराची घाई आपल्या अंतःकरणावर कोणता परिणाम करते आणि त्याविषयी आपल्याला काय करता येईल, याचा आपण विचार करू या.

गर्दीत माणूस दिसेनासा होतो

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली तेव्हा १४ डब्यांत सुमारे ४०० निमंत्रित पाहुणे बसले होते. पुढच्याच वर्षी तो मार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. आज त्या पाहुण्यांइतकी माणसे एका लोकलच्या दोन डब्यांतही आढळतील! मुंबईच्या उपनगरी गाड्यांतून दररोज सुमारे ७५ लाख प्रवास होतात. गर्दीच्या वेळी एका चौरस मीटर जागेत १४ ते १६ जण उभे असतात. आपल्या जेवणाच्या टेबलाएवढ्या जागेत इतकी माणसे उभी आहेत अशी कल्पना करून पाहा.

इतक्या जवळ आल्यावर माणसे एकमेकांची होतील असे वाटते. प्रत्यक्षात मात्र उलट घडते. समोरची व्यक्ती आपल्याला पाठ, कोपर किंवा पिशवी एवढीच दिसते. ती वाटेतली अडचण बनते. बर्लिनमध्ये राहणारे विचारवंत गेओर्ग झिमेल यांनी १९०३ मध्ये महानगरातील मनोवृत्तीवर एक निबंध लिहिला. शहरात मनावर सतत इतके आघात होतात की त्यांपासून स्वतःला वाचवण्याकरता माणूस एक प्रकारची उदासीनता धारण करतो, असे त्यांनी त्यात दाखवून दिले. म्हणजे तुमच्या मनाभोवती तयार होणारे कवच हा काही तुमच्या एकट्याचा दोष नव्हे. प्रत्येक हाकेला, प्रत्येक धक्क्याला आणि प्रत्येक पसरलेल्या हाताला मन प्रतिसाद देऊ लागले, तर ते थकून जाईल.

तथापि, येथे एक धोका आहे. कवच घालणे सोपे असते, पण घरी आल्यावर ते उतरवून ठेवण्याची आठवण राहत नाही. मग खोलीतल्या सोबत्याला ताप आहे हे आपल्याला तिसऱ्या दिवशी कळते. आईचा फोन येतो तेव्हा आपण “हं, हं” म्हणत दुसरेच काही पाहत असतो. परक्यांपासून बचाव म्हणून घातलेले कवच हळूहळू आपल्याच माणसांना बाहेर ठेवू लागते.

खरी अडचण: घाई

आपण कठोर होतो ते केवळ गर्दीमुळेच का? याविषयी एक बोधप्रद प्रयोग विचारात घेण्यासारखा आहे.

येशूने सांगितलेला चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपल्याला लहानपणापासून परिचित आहे. यरुशलेमहून यरीहोकडे जाणारा एक मनुष्य लुटारूंच्या हाती सापडतो. याजक व लेवी त्याला पाहून बाजूने निघून जातात आणि ज्याच्याकडून कोणी अपेक्षा केली नसती, तो शोमरोनी मात्र थांबतो. ‘माझा शेजारी कोण?’ या प्रश्नाच्या उत्तरादाखल येशूने ही गोष्ट सांगितली.

अमेरिकेतील जॉन डार्ली व डॅनियल बॅट्सन या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये आपला एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी प्रिन्स्टन येथील ईश्वरविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना एक छोटेसे भाषण देण्याकरता एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत पाठवले. काहींना याच दाखल्यावर बोलायचे होते, इतरांना दुसऱ्या विषयावर. निघताना काहींना सांगण्यात आले की अजून पुष्कळ वेळ आहे; काहींना, की वेळेवर निघा; आणि काहींना, की तुम्हाला उशीर झाला आहे, तेव्हा घाई करा. वाटेतल्या गल्लीत एक माणूस मान खाली घालून, कण्हत, खोकत बसला होता. अर्थात, त्याला तेथे मुद्दाम बसवण्यात आले होते.

कोण थांबले? ज्यांना घाई नव्हती त्यांच्यापैकी ६३ टक्के. ज्यांना फार घाई होती त्यांच्यापैकी केवळ १० टक्के. दाखल्यावर भाषण द्यायचे होते की दुसऱ्या विषयावर, याने लक्षणीय फरक पडला नाही. चांगल्या शोमरोन्यावर बोलायला निघालेले काही विद्यार्थी तर त्या माणसाला ओलांडून पुढे गेले!

हे तरुण निर्दय होते का? अभ्यासकांना तसे वाटले नाही. न थांबलेल्यांपैकी पुष्कळ जण भाषणाच्या जागी पोहोचले तेव्हा अस्वस्थ दिसत होते. एकीकडे तो मनुष्य होता, दुसरीकडे त्यांची वाट पाहणारे लोक होते, आणि घाईने त्यांच्या वतीने निर्णय घेऊन टाकला. ती सकाळ आठवा. त्या वृद्ध गृहस्थांवर तुम्ही ओरडलात ते तुमचे मन वाईट आहे म्हणून नव्हे, तर तुमच्या हातात सात मिनिटे कमी होती म्हणून. हे जाणल्याने अपराधीपणाची टोचणी थोडी कमी होईल. पण जबाबदारी मात्र वाढते. कारण स्वभाव बदलायला वर्षे लागतात, घड्याळ मात्र आज रात्रीच दहा मिनिटे अलीकडे लावता येते.

मुंबईने एका दिवशी जे पाहिले

घाई नाहीशी झाली की काय होते, हे या महानगराने एकदा स्वतःच अनुभवले आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. लोकल जागच्या जागी थांबल्या, रस्ते पाण्याखाली गेले. शेकडो लोकांचा मृत्यू झाला आणि लक्षावधी माणसे घरापासून दूर अडकून पडली. त्या रात्री रुळांच्या व रस्त्यांच्या कडेला राहणाऱ्या लोकांनी, अगदी झोपडपट्टीतील रहिवाशांनीही, अनोळखी माणसांना आपल्या घरात घेतले. चहा आणि बिस्किटे वाटण्यात आली. लोकांनी हाताला हात धरून साखळ्या केल्या व एकमेकांना छातीइतक्या पाण्यातून बाहेर काढले.

ही दुसरी माणसे होती का? मुळीच नाही. आदल्या दिवशी डब्यात कोपराने ढकलणारी हीच माणसे होती. पण त्या रात्री कोणालाच कोठे वेळेवर पोहोचता येत नव्हते. घड्याळाची सत्ता संपली आणि माणसांना एकमेकांचे चेहरे दिसले. यावरून आपण काय शिकतो? शहरी माणसाच्या ठायी दया नसते असे नाही. ती घाईखाली दबलेली असते. मग तिला वर येण्याकरता आपण पुराचीच वाट का पाहावी?

घाईची किंमत कधी कधी प्राण असते

घाईने केवळ मन कठोर होते असे नाही, तर ती जीवही घेते. मुंबईच्या उपनगरी रेल्वेमार्गांवर महासाथीची वर्षे वगळता दरवर्षी दोन हजारांहून अधिक लोक मृत्युमुखी पडत आले आहेत. त्यांतील बहुतेक मृत्यू दोन कारणांनी होतात: रूळ ओलांडणे व धावत्या गाडीतून पडणे. ९ जून २०२५ रोजी मुंब्रा स्थानकाजवळच्या वळणावर दोन गाड्या एकमेकींच्या शेजारून जात असताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले आणि किमान चार जणांचा अंत झाला. सकाळची कामाला जायची वेळ होती.

दारात लटकणाऱ्या प्रत्येकाला आपण बेपर्वा म्हणणे योग्य होणार नाही. कित्येकांना आत जागाच मिळत नाही आणि कामावर उशीर झाला तर पगार कापला जातो. गाड्या वाढवणे, दारे आपोआप बंद होतील अशी सोय करणे, हे रेल्वेचे काम आहे. २५ डिसेंबर २०१७ पासून धावू लागलेल्या वातानुकूलित लोकलला तशी दारे आहेत, पण बहुतेक प्रवाशांना अजूनही उघड्या दारांच्या डब्यांतूनच प्रवास करावा लागतो. यास्तव जे आपल्या हाती आहे ते तरी आपण केले पाहिजे. पूल चढायला तीन मिनिटे लागतात. रूळ ओलांडायला अर्धे मिनिट. त्या अडीच मिनिटांकरता गावी तुमची वाट पाहणाऱ्यांना तुम्ही पणाला लावाल का?

ओळखीचे अनोळखी

आता दुसऱ्या एका अडचणीकडे वळू या: एकाकीपणा. गावी चहाच्या टपरीपर्यंत जाताना चार जण हटकून विचारत, “काय, कुठे निघालास?” तेव्हा त्याचा कंटाळा येत असे. शहरात लाखो लोकांमध्ये राहूनही दिवसभरात कोणी तुमचे नाव घेत नाही, तेव्हा त्याच प्रश्नाची आठवण येते.

पण थोडे नीट आठवून पाहा. रोज त्याच डब्यात, त्याच खिडकीशी बसून मटार सोलणाऱ्या बाई. त्याच दारापाशी पुस्तक वाचणारा चष्मेवाला. दोन महिन्यांपूर्वी हाताला प्लास्टर असलेला आणि आता ते निघालेला मुलगा. त्यांची नावे तुम्हाला ठाऊक नाहीत, तरीही त्यांतील एखादा आठवडाभर दिसला नाही तर तुमच्या मनात येऊन जाते, ‘बरे असतील ना?’ मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रम यांनी १९७२ मध्ये अशा लोकांना ‘ओळखीचे अनोळखी’ असे नाव दिले. न्यूयॉर्क परिसरातील उपनगरी प्रवाशांना त्यांच्याच फलाटावरच्या लोकांची छायाचित्रे दाखवली, तेव्हा दहापैकी जवळजवळ नऊ जणांनी अशी किमान एक तरी व्यक्ती ओळखली. सरासरीने प्रत्येकाला असे चार जण माहीत होते. वर्षानुवर्षे शेजारी उभे राहूनही ते एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते.

न बोलण्याचे कारण काय? आपण बोललो तर समोरच्याला आवडणार नाही, असे प्रत्येकाला वाटते. शिकागो येथे निकोलस एप्ली व ज्युलियाना श्रोडर यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही प्रवाशांना शेजारच्या अनोळखी व्यक्तीशी बोलायला सांगितले, तर काहींना गप्प बसायला. बोलण्याने प्रवास कंटाळवाणा होईल असा लोकांचा अंदाज होता. प्रत्यक्षात बोललेल्यांनीच आपला प्रवास अधिक सुखाचा झाल्याचे सांगितले.

मुंबईच्या लोकलमध्ये ही गोष्ट पुष्कळांना अभ्यासाविनाच उमगली आहे. लांबच्या गाड्यांत ठरलेले गट असतात. त्यांतील बसलेले काही स्थानकांनंतर उठतात आणि उभे असलेल्यांना जागा देतात. महिलांच्या डब्यात वाढदिवस साजरे होतात, भाज्या निवडल्या जातात, नोकरी गेलेल्या मैत्रिणीला नव्या जागेचा पत्ता सांगितला जातो. अर्थात, तरुणींनी, आणि तरुणांनीही, कोणाशी व किती बोलावे याचा विवेक ठेवलाच पाहिजे. पण सावध असणे म्हणजे दगड होणे नव्हे.

तुम्ही काय करू शकता?

पुढील गोष्टी लहान आहेत. पण लहान त्रासांना उत्तरही लहान कृतींनीच देता येते.

पहिली: दहा मिनिटे आधी निघा. आठवड्यात सहा दिवस काम असेल तर ही केवळ एका तासाची गुंतवणूक आहे. रोज येण्याजाण्यात तीन तास जात असतील, तर सुट्या वगळून वर्षाच्या ४८ आठवड्यांत ८६४ तास, म्हणजे रात्रंदिवस मोजले तर ३६ दिवस, तुम्ही प्रवासात घालवता! आयुष्याचा एवढा मोठा भाग दात-ओठ खात काढायचा की माणसासारखा, हे ती दहा मिनिटे ठरवतात. हे करायचे तर रात्री थोडे लवकर झोपावे लागेल आणि हातातला फोन वेळेवर खाली ठेवावा लागेल. खरी कसोटी तेथेच आहे.

दुसरी: एक नाव विचारा. इमारतीचा पहारेकरी, खानावळीत वाढणारा मुलगा, खोली झाडणाऱ्या मावशी, यांपैकी एकाचे नाव या आठवड्यात विचारा आणि पुढच्या वेळी त्या नावाने हाक मारा. कालपर्यंत “ए” म्हणून बोलावलेल्या माणसाचा चेहरा कसा बदलतो ते पाहा.

तिसरी: खोलीतल्या तक्रारी खोलीतच आणि वेळीच सोडवा. शर्ट कोणी नेला, गॅसचे पैसे कोणी दिले नाहीत, दूध कोणी संपवले, या गोष्टी मनात साचल्या की महिन्याअखेरीस भलत्याच कारणावरून भांडण होते. आठवड्यातून एकदा, जेवताना, हिशेब व पाळ्या ठरवून टाका. ज्याला चौघांच्या खोलीत नांदता आले, त्याला पुढे संसारातही ते उपयोगी पडेल.

चौथी: बोललेला कठोर शब्द परत घ्यायला शिका. “रागात बोललो, मनावर घेऊ नका,” एवढे म्हणायला दोन स्थानकांमधला वेळही लागत नाही. समोरचा काही बोलला नाही तरी हरकत नाही. ते वाक्य जितके त्याच्यासाठी असते, तितकेच तुमच्या मनासाठीही असते.

पाचवी: घरी फोन कराल तेव्हा बसून बोला. चालता चालता, गाडी पकडता पकडता केलेल्या फोनवरून आईला फक्त एवढेच कळते की तुम्ही घाईत आहात.

उद्याची सकाळ

उद्याही पाणी सात वाजताच जाईल. कदाचित शर्ट पुन्हा कोणी नेईल आणि फलाटही बदलेल. शहर तुमच्यासाठी थांबणार नाही आणि या लेखानेही ते बदलणार नाही. पण तुम्ही दहा मिनिटे आधी निघालात, तर एक गोष्ट निश्चितच बदलू शकते. त्याच डब्यात, त्याच दारापासून थोडे आत, औषधांची पिशवी घेतलेले ते गृहस्थ कदाचित पुन्हा उभे असतील. वरची कडी तुमच्या हातात असेल. ती त्यांना द्या आणि म्हणा, “बाबा, काल मी चुकलो. तुम्ही येथे धरा.”

मग ‘माझा शेजारी कोण?’ या प्रश्नाचे उत्तर तुम्हाला दूर शोधावे लागणार नाही. ते तुमच्यापासून हातभर अंतरावर उभे असेल.

विचार करण्याकरता प्रश्न

१. तुमच्या रोजच्या दिनक्रमात कोणत्या वेळी तुमच्या तोंडून कठोर शब्द निघतो? त्या वेळी तुम्हाला किती घाई असते?

२. प्रिन्स्टनमधील विद्यार्थ्यांना दाखला चांगला ठाऊक असूनही त्यांच्यापैकी काही का थांबले नाहीत? यावरून ज्ञान व आचरण यांविषयी काय शिकायला मिळते?

३. तुमच्या प्रवासातील दोन ‘ओळखीच्या अनोळखी’ व्यक्ती आठवा. त्यांच्याविषयी तुम्ही काय जाणता?

४. या लेखात सुचवलेल्या पाच गोष्टींपैकी कोणती तुम्हाला सर्वांत कठीण वाटते? ती या आठवड्यात कशी सुरू करता येईल?